मागे चालणारे दोरै

दोरै रोज सकाळी उलटे चालायचे. आमच्या फाटकातून बाहेर पडले की तोंड घराकडे करायचे आणि मागे मागे सरकत पुदु आरूच्या काठाकडे निघायचे. पुदु आरु म्हणजे तंजावरमधून वाहणारा मोठा कालवा. आमच्या रस्त्याच्या टोकालाच आहे. सहा फुटांच्या वर उंची, पांढरेशुभ्र केस, अर्धी चड्डी, आणि एवढा थोरला माणूस उलट्या पावलांनी रस्ता कापतोय, हे पाहायला सुरुवातीला दूधवालासुद्धा सायकल थांबवायचा. मार्गळी महिन्यात, म्हणजे ऐन थंडीत, आमच्याकडे पहाटे दारोदार कोलम काढतात, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या. काही कोलम तर अर्ध्या रस्त्यापर्यंत पसरतात. बायका दारात उभ्या राहून वाट पाहायच्या, की आता याचा बूट पडला आपल्या कमळावर. पण दोरैंचा पाय कधी कुणाच्या कोलमवर पडत नसे. मान न वळवता ते बाजूला व्हायचे, स्कूटरला वाट द्यायचे, झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालायचे.

दोरै हे त्यांचं नाव नव्हे. गोऱ्या साहेबाला तमिळमध्ये दोरै म्हणतात, आणि ‘पिन्नाडि’ म्हणजे मागे. रस्त्यानं त्यांचं ‘पिन्नाडि दोरै’ असं नाव ठेवलं. पुढे पिन्नाडि गळून पडलं आणि नुसते दोरै राहिले. ते जर्मन होते, आणि तरुणपणी आपल्या देशाच्या फुटबॉल संघात बॅक म्हणून, म्हणजे गोल राखणाऱ्या मागच्या फळीत, खेळले होते, हे आम्हाला कळायला बरेच दिवस लागले. त्यांनी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, मी अक्कांचा नवरा.

अक्का म्हणजे त्यांची बायको, त्याही जर्मनच. खरं तर ती दोघं तंजावरला आली ती अक्कांमुळे. इथल्या जुन्या ग्रंथालयात मराठी राजांच्या वेळचे मोडी कागद आहेत, ते वाचण्यात अक्कांनी आयुष्य घातलं होतं. तिकडच्या कॉलेजातली नोकरी संपल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, आता मला सलग काही वर्षं तिथंच बसून काम करायचं आहे. दोरै म्हणाले, चल. आमचा वरचा मजला रिकामा होता. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोघांना एकदा खालून वर पाहिलं आणि दाराची चौकट ठेंगणी आहे, डोकं सांभाळा, एवढीच अट घातली.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी बोलतो, पण तुम्ही ‘काय करतोयस’ म्हणता तिथं आम्ही ‘काय करूलालास’ म्हणतो, आणि निम्म्या वस्तूंची नावं तमिळच येतात. लिहिणं-वाचणं तमिळ नाहीतर इंग्रजी. देवनागरी अप्पांना येत नव्हती, मला येत नव्हती. ती मला अक्कांनी शिकवली. पुण्यामुंबईकडच्या पुस्तकांची मराठीही त्यांनीच माझ्याकडून वाचून घेतली. त्यांची स्वतःची मराठी मात्र त्या मोडी कागदांतून आलेली. पहिल्या दिवशी त्यांनी अप्पांना विचारलं, “आपले भोजन जाहले काय?” अप्पा दोन दिवस त्या वाक्यावर खूष होते. मी हे आज मराठीत लिहिते आहे ते या जर्मन बाईंमुळे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे चुका कुणाच्या आणि श्रेय कुणाचं ते स्पष्ट होईल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर एका दवाखान्यात लोकांचे खांदे-गुडघे वाकवते. संध्याकाळी घरी आले की अक्कांकडे धडा, आणि त्याच्या बदल्यात दोरैंच्या गुडघ्यांचा व्यायाम, असा आमचा सौदा होता. वरच्या खोलीत खिडकीशी एक लाकडी पलंग होता, त्यावर ते आडवे व्हायचे. अक्का मेजाशी बसून मला ओळी म्हणायला लावायच्या आणि मी हातानं दोरैंचा पाय वाकवत तोंडानं ओळी म्हणायचे.

त्यांच्या आयुष्याची माहिती मला त्या पलंगावर मिळाली, आणि तीही त्यांच्या अंगावरून. डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता. हा कसला, म्हटलं, तर म्हणाले, गावातल्या संघाकडून खेळताना, पंधरा-सोळा वर्षांचा असेन, पहिल्यांदाच मोठ्यांत खेळवलं होतं. एकाचं डोकं लागलं, टाके घातले आणि दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या क्लबाचा माणूस घरी आला. नाक दोनदा मोडलेलं. एकदा सामन्यात आणि एकदा सरावात, आणि सरावात मोडणाराच पुढे त्यांचा सर्वांत जवळचा मित्र झाला. गळ्याजवळच्या हाडात एक गाठ होती. ती देशासाठी खेळलेल्या पहिल्या सामन्यातली. हाड मोडल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, तसेच शेवटपर्यंत खेळले, कारण बाहेर बसवलं तर पुन्हा बोलावतील याची खात्री नव्हती. उजव्या गुडघ्यातली गादी जवळजवळ उरलीच नव्हती. तो गुडघा वाकवताना मला आतून करकर जाणवायची, आणि ते छताकडे पाहत विचारायचे, आज काय म्हणतो म्हातारा?

उलटं चालणं गुडघ्याला बरं असतं, हे मला ठाऊक होतं. पण ते त्यासाठी चालत नव्हते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, पुढे खेळणाऱ्याला आपण कुठे जातोय ते माहीत असतं. बॅकला आपल्यावर काय येतंय ते माहीत असावं लागतं. आम्ही अर्धं आयुष्य मागे पळतो. आता सरळ चालताना त्यांना उघड्यावर पडल्यासारखं वाटायचं.

बॅकपणा त्यांच्या हाडांत मुरला होता. हॉटेलात गेलो तर ते भिंतीला पाठ लावूनच बसायचे. रस्ता ओलांडताना त्यांचा डावा हात आपोआप आडवा व्हायचा आणि शेजारच्या अनोळखी बाईलाही थांबवून धरायचा. आमच्या नात्यातल्या एका लग्नात जेवणाच्या पंक्ती चालू होत्या. दोरै मागच्या भिंतीशी उभे राहिले आणि सगळ्या हॉलवर नजर ठेवू लागले. थोड्या वेळानं वाढप्यांच्या लक्षात आलं की हा माणूस बोटानं दाखवतो तिथं खरोखरच कुणाच्या पानावर रसम पोचलेलं नसतं. मग ते त्यांच्याकडेच पाहून वाढायला लागले. नवऱ्या मुलीच्या बापानं मला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठल्या केटररचे?

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. पाय खोटं बोलतात, कंबर खोटं बोलत नाही. समोरचा बॉल घेऊन आला की त्याच्या पायांकडे बघायचं नाही. तो पायांनी हजार सोंगं करेल. कंबर जिकडे वळेल तिकडे तो जाणार. हे ते फुटबॉलपुरतं ठेवत नसत. जुन्या बसस्टँडजवळ एक उंडगा बैल असायचा, त्याच्यासमोरून ते कंबर पाहून निर्धास्त जायचे. रिक्षांना कंबर नसते म्हणून त्यांच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. टीव्हीवर कुणी पुढारी भाषण करत असला की अप्पांना आवाज बंद करायला लावायचे आणि त्या माणसाच्या उभं राहण्यावरून हा पक्ष बदलणार की नाही ते सांगायचे. अप्पांना ते पटायचं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी रोज संध्याकाळी व्हरांड्यात शेजारी शेजारी बसून कॉफी प्यायचे. अप्पा मराठीत बोलायचे, दोरै जर्मनमध्ये, आणि दोघंही मान हलवायचे.

एकदा जवळच्या ओरत्तनाडू गावातल्या मुलींच्या एका शाळेनं त्यांना खेळांच्या दिवशी पाहुणे म्हणून बोलावलं. दुभाषी म्हणून मी गेले. फाटकावर मोठा फ्लेक्स लावला होता, त्यावर ‘विश्वविजेते’ असं लिहिलेलं आणि खाली फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी. कुणीतरी इंटरनेटवरून जर्मन फुटबॉलपटू शोधून लावला असणार. सोनेरी केसांचा, हसरा, देखणा तरुण. मी घाबरून मुख्याध्यापकांना सांगायला निघाले, तर दोरैंनी दंड धरला. म्हणाले, राहू दे, तो माझ्यापेक्षा बरा दिसतो. मग शाल पांघरून, हार घालून, त्या फोटोखाली तासभर बसले.

पुढे मुलींशी बोलायची वेळ आली. एकीनं विचारलं, तुम्ही देशासाठी किती गोल केले? ते म्हणाले, एकही नाही. मुली हिरमुसल्या. तेव्हा ते उठले, शाल खुर्चीवर ठेवली आणि सगळ्यांना मैदानात नेलं. एकेकीला बॉल घेऊन आपल्या अंगावर यायला सांगितलं. गुडघे असे, वय असं, पण त्यांच्या बाजूनं एकही मुलगी पुढे जाईना. ते पळत नव्हते, लाथ मारत नव्हते. नुसते वाटेत असायचे. जाल तिथं आधीच उभे. मुली हसून हसून बेजार झाल्या. परतताना बसमध्ये ते फार दमले होते आणि फार खुशीत होते. मला म्हणाले, चांगला बॅक दिसत नाही. सामना संपल्यावर लोकांना माझं नाव आठवलं नाही की मी समजायचो, आजचं काम नीट झालं.

मग लोकांना तुमचं नाव आठवलं असं कधी झालं का, हे मी सहज विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, एकदा.

ती हकीगत त्यांनी मला पुढे केव्हातरी, पलंगावर पडल्या पडल्या सांगितली, आणि एकदाच सांगितली. एका मोठ्या स्पर्धेतला सामना होता. बरोबरी झाली असती तरी त्यांचा संघ पुढे जाणार होता. सबंध सामना त्यांनी समोरच्या एका नावाजलेल्या खेळाडूला हलू दिलं नव्हतं. अगदी शेवटी एक लांब बॉल त्यांच्या डोक्यावरून मागे गेला. ते वळले, आणि वळताना डावा पाय घसरला. हात टेकून उठेपर्यंत तो खेळाडू पुढे निघून गेला होता. गोल झाला. जाळ्यातून बॉल काढून तो मध्यावर नेऊन ठेवला तो यांनीच. त्यानंतर देशाच्या संघात त्यांना कधीच बोलावलं नाही. क्लबाकडून काही वर्षं खेळले, गुडघा गेला, मग मुलांना शिकवत राहिले. पण तिकडे त्यांचं नाव म्हणजे ते घसरणं. पावाच्या दुकानात गेले की मागे कुणीतरी कुजबुजायचं. चांगली माणसं तर जास्तच छळायची. म्हणायची, गवत ओलं होतं हो, तुम्ही काय करणार.

“गवत सगळ्यांसाठीच ओलं होतं,” ते मला म्हणाले. त्या सामन्याचं चित्रण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लागलं की उठून जायचे.

तंजावर त्यांना आवडायचं त्याचं एक कारण हे होतं. इथं सगळे क्रिकेटवाले.

पुढच्या एका मार्गळीत, सकाळी सकाळी समोरच्या घरातल्या बाई आमच्याकडे आल्या. दोरैंचा पाय त्यांच्या कोलमवर पडला होता. त्या तक्रार करायला आल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. पाय पडला, आणि मग ते तिथंच उभे राहिले, म्हणाल्या, बुटांना लागलेल्या पिठाकडे बघत. हे काय आहे ते त्यांना कळत नव्हतं. बाई त्यांच्याशी बोलायला गेल्या तर त्यांनी नुसतं हसून बघितलं, आणि इकडे जायचं की तिकडे तेच त्यांना समजेना.

मी धावत गेले तोपर्यंत ते कालव्याकडे निघाले होते, पण सरळ, आपल्यासारखे.

अक्कांना मी संध्याकाळी सांगितलं. त्यांनी मेजावरचे कागद गोळा करून ठेवले. मग म्हणाल्या की हे त्यांना ठाऊक आहे. काही महिन्यांपासून ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, कॉफीच्या टंबलरला काय म्हणतात ते विसरतात. तरी त्या आणि मी, दोघींनी मिळून आणखी काही दिवस स्वतःची समजूत घातली की वय आहे, होतं असं.

मग ते हरवले. सकाळी फिरायला गेले ते आलेच नाहीत. कालव्याच्या काठच्या चहावाल्यानं त्यांना स्टेशनच्या बाजूला जाताना पाहिलं होतं. दुपारी रेल्वेनं काही स्टेशनं पुढे असलेल्या पापनाशमहून फोन आला. त्यांच्या गळ्यात अक्कांनी आमचा नंबर लिहिलेली पट्टी अडकवली होती, ती तिथल्या पोर्टरनं वाचली. मी आणि अप्पा टॅक्सी करून गेलो. दोरै फलाटावरच्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसले होते. कुणीतरी इडल्या दिल्या होत्या, त्यांचं पान नीट घडी करून शेजारी ठेवलं होतं. मला पाहून ते अपराधी चेहऱ्यानं उठले आणि म्हणाले, संघाची बस निघून गेली, मी मागे राहिलो. अप्पांनी त्यांचा हात धरला. सबंध रस्ताभर अप्पा तो हात धरून बसले होते आणि मराठीत त्यांना सांगत होते, की बसचं काही नाही, आपली टॅक्सी आहे.

तिरुचीच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. मेंदू आक्रसत चालला होता. डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी विचारलं, हे काय काम करायचे? अक्कांनी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही, पण आयुष्यभर डोक्यानं बॉल मारणाऱ्यांत हे दिसतं. बॅक तर उंचावरून येणारा प्रत्येक बॉल डोक्यानंच परतवतो. आणि त्या काळचे चामड्याचे बॉल भिजले की दगडासारखे व्हायचे.

त्या दिवशी दोरैंचं डोकं अगदी स्वच्छ होतं. त्यांना सगळं कळलं. परत येताना गाडीत अक्का रडत होत्या. त्यांनी नवऱ्याला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, आणि मग माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, की मी याला विचारले, हे आधी ठाऊक असते तर तू काय केले असतेस. दोरैंनी थोडा विचार केला आणि उत्तर मला इंग्रजीत दिलं, बहुधा मी डॉक्टरांच्या जातीची म्हणून.

“बॉल वरून आला तर कुणीतरी डोकं द्यायला हवं. मी बाजूला झालो असतो तर तो मागच्यावर गेला असता.”

अक्कांचं ग्रंथालयातलं काम तोपर्यंत संपत आलं होतं. जर्मनीहून त्यांच्या भावाचे फोन येऊ लागले. तिकडे अशा माणसांसाठी चांगली घरं आहेत, परत या. अक्का सामान बांधायला लागल्या. पुस्तकांची खोकी जिन्यात उभी राहिली. एक दिवस दोरै उलटे चालत कालव्यापर्यंत गेले आणि परतीची वाट विसरले, तेव्हा चहावाला दुकान पोरावर सोडून त्यांना घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी फुलवाली घेऊन आली. तिसऱ्या वेळी रिक्षावाला, आणि तो पैसे घेईना. अक्का फाटकात उभ्या राहून हे पाहत होत्या. संध्याकाळी त्या खाली आल्या आणि अप्पांना विचारलं, आम्ही आणखी राहिलो तर चालेल काय? अप्पा म्हणाले, तुमचं सामान जिन्यातून काढा आधी, मला वर-खाली करता येत नाही. असा तो प्रश्न मिटला.

दोरैंची इंग्रजी गेली, मग तमिळचे चार शब्द गेले. जर्मन उरली, तीही तुटक. पण व्यायाम करून घेता घेता मला बरीचशी कळायला लागली होती. एके दिवशी अक्का मला म्हणाल्या, “मला त्याला एकदा धावताना पाहावयाचे आहे.” मला आधी समजलं नाही. त्यांना तो सामना पाहायचा होता. सामन्याच्या दिवशी त्या मैदानात होत्या, आणि दोरै घसरले तेव्हा त्यांनी तोंड झाकून घेतलं होतं. नंतर त्यांनीही तो कधी पाहिला नव्हता, कारण घरात तो विषयच नव्हता.

मी विचारलं, दोरैंना त्रास झाला तर? त्या म्हणाल्या, त्याला आता ते आठवत नाही. दोन-तीनदा विचारून पाहिले आहे.

सामना इंटरनेटवर सापडला. रविवारी दुपारी आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर लावला. दोरै वेताच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, गुडघ्यावर मी शेकाची पिशवी ठेवलेली. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला अप्पा. चित्र धुरकट होतं, पावसाची रिपरिप दिसत होती. पांढऱ्या सदऱ्यात, पाठीवर चार नंबर घातलेला एक सडसडीत मुलगा मागे मागे पळत होता. मी त्याला लगेच ओळखलं. तशीच खांदा किंचित पाडण्याची सवय. किती तरुण होता.

दोरै पुढे झुकून बघत होते. त्यांना फुटबॉल अजून पुरता कळत होता. मध्येच बोट करायचे, चुकलेल्या पासला जीभ चावायचे. थोड्या वेळानं त्यांनी अक्कांना काही सांगितलं. अक्कांनी आमच्यासाठी त्याचं मराठी केलं. “तो चार नंबर चांगला आहे, म्हणतो. पायांकडे बघत नाही, कंबरेकडे बघतो. कुणी तरी नीट शिकवले आहे.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं.

शेवट जवळ आला तसा अक्कांनी दोरैंचा हात आपल्या मांडीवर घेतला. लांब बॉल आला. चार नंबर वळला आणि पडला. समोरचा निघून गेला, गोल झाला, आणि सगळं मैदान एकदम गप्प झालं. तो मुलगा उठला. चिखलानं माखलेला. सावकाश चालत गेला, जाळ्यातून बॉल काढला आणि काखेत धरून मध्यावर निघाला. त्याच्याजवळ कुणी आलं नाही.

दोरै खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी मान हलवली आणि टीव्हीकडे बघत, हळू आवाजात, एक-दोन वाक्यं बोलले. ती मला अक्कांनी सांगायची गरज पडली नाही. गवत ओलं होतं, असं ते म्हणाले. त्या पोराचा काही दोष नाही, कुणीतरी त्याला जाऊन सांगायला हवं.

अक्का उठून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या, आणि मला वाटलं होतं तशा रडत नव्हत्या. डोळे ओले होते पण चेहरा एखाद्या पोरीसारखा झाला होता.

“किती वेगाने धावत होता, पाहिलेस?” त्या म्हणाल्या.

दोरै त्यानंतर वर्षभर होते. गेल्या पावसाळ्यात गेले, सकाळचा डोसा खाऊन, खुर्चीत. आमच्या रस्त्यानं त्यांना तंजावरच्या रिवाजाप्रमाणे नेलं, आणि पुढे चालणाऱ्यांत अप्पा होते, ज्यांना चार घरांपलीकडे चालवत नाही. काही दिवसांनी जर्मनीतल्या एका वर्तमानपत्रात बातमी आल्याचं अक्कांच्या भावानं कळवलं. अक्कांनी ती मला वाचून दाखवली. चार ओळींची होती, त्यातल्या तीन ओळी त्या घसरण्यावर होत्या. अक्कांनी कागद मिटला आणि मला म्हणाल्या, तू लिही. मी म्हटलं, मला काय लिहिता येतं? म्हणाल्या, शिकवले आहे ना.

म्हणून लिहिलं. आणि शेवटी त्यांच्या अखेरच्या दिवसांतलं एक सांगायचं राहिलं आहे.

त्या दिवसांत दोरैंना मी कोण ते कळत नसे. गुडघ्याला हात लावते म्हणजे मी संघाची मालीशवाली असणार, असा त्यांनी हिशेब केला होता. संध्याकाळ झाली, पलंगावर आडवे झाले, की त्यांना एकच काळजी लागायची. उद्याच्या सामन्यात आपल्याला घेतलंय का? सुरुवातीला मी त्यांना समजावून सांगायचे, की सामने केव्हाच संपले, तुम्ही तंजावरला आहात, हे तुमचं घर. मग ते बावरायचे, उठून बसायचे, बूट शोधायचे. अक्का म्हणाल्या, खरे सांगून त्याला काय मिळते?

तेव्हापासून मी त्यांचा गुडघा हळूच वाकवायचे, पुन्हा सरळ करायचे, दोन बोटं दाबून बघायचे, आणि संघाचं बघणाऱ्या माणसाच्या आवाजात माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगायचे.

“घेतलंय.”

“कुठे?”

“बॅक.”

ते श्वास सोडायचे. पाय सैल पडायचा, चेहऱ्यावरच्या आठ्या उलगडायच्या. डोळे मिटता मिटता ते मला निरोप सांगायचे, रोज तोच, आणि रोज तितक्याच आपुलकीनं.

“मग पुढच्यांना सांग, निवांत खेळा.”